मेहुण्याचं बेसणं

जनार्दनराव जगदाळे आयुष्यात एकदाच टीव्हीवर आले, आणि आले ते मेलेलेच.

घरोघर केबलची काळी वायर खिडकीतून आत यायला लागली, त्या नव्वदीच्या दिवसांतली ही गोष्ट. बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर सकाळी आरती, दुपारी गाणी आणि उरलेला सगळा वेळ साड्यांच्या सेलच्या जाहिराती. जनार्दनरावांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा तन्मय या केबलवाल्याचा दोस्त. त्याने एक कॅमेरा उसना आणून या चॅनेलसाठी मराठी टेलिफिल्म काढली. नाव 'मेहुणे मेले कसे'. रहस्यपट, पण हलकाफुलका. म्हणजे माणूस मरतो, पण कुणाला फारसं वाईट वाटत नाही. बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, पेढे वाटायला घेतात, आणि मेहुणे हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसल्याजागी गार झालेले सापडतात. मग एक इन्स्पेक्टर येतो आणि एकेका पाहुण्याला स्वयंपाकघरात नेऊन दरडावतो. इन्स्पेक्टरचं काम करणारा गृहस्थ बँकेत होता, त्यामुळे तो संशयितांना 'जरा बसा, बोलावतो' असं फार सुंदर म्हणायचा.

शूटिंग जनार्दनरावांच्या फ्लॅटमध्ये झालं, कारण अख्ख्या इमारतीत दिवाणखान्यात हिंचका टांगलेला त्यांच्याच घरी. हिंचका घेतला म्हणून मालकालाही घेतलं. मेहुण्यांचं काम जनार्दनरावांना मिळालं ते असं. आणि गंमत बघा, इन्स्पेक्टर आल्या आल्या हुकूम सोडतो की कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे फिल्म संपेपर्यंत मेहुणे हिंचक्यावरच. पाहुणे त्यांच्या आजूबाजूला बसून फराळ करतात, बाळ रडतं, कुणीतरी त्यांच्या मांडीवर चुकून बशी ठेवतं. हिरोईनपेक्षा जास्त वेळ पडद्यावर कोण असेल तर जनार्दनराव.

त्यांना या कामाबद्दल एकाच माणसाचं मत ऐकायचं होतं. थोरले भाऊ दत्तात्रेय. दादा.

दादा म्हणजे बडोद्याच्या मराठी हौशी नाटकांतलं मोठं प्रस्थ. स्पर्धेची नाटकं बसवायची, परीक्षक म्हणून जायचं, आणि तिसऱ्या रांगेतून नुसतं खाकरून नटाचा घाम काढायचा. अशाच एका नाटकात जनार्दनरावांना त्यांनी वकिलाचं काम दिलं होतं. ऐन प्रयोगाच्या तोंडावर तालमीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "जना, तू स्टेजवर आलास की वाटतं, कुणीतरी कपाट आणून ठेवलंय." आणि वकिलाचं काम जयवंतरावांना दिलं. त्या दिवसापासून दोघा भावांत अबोला. तन्मय तेव्हा रांगत होता. मुरलेलं लोणचं जपावं तसा दोघांनी तो अबोला जपला. लग्नकार्यांत एकाच पंगतीत बसायचे, पण मध्ये एखादी मावशी बसवून. दादा बडोद्यातच, समाला राहत होते, म्हणजे फार तर रिक्षाने जाण्याइतके लांब. पण वाटेत अबोला होता.

"समाला आपली केबल जाते का रे?" जनार्दनरावांनी तन्मयला विचारलं होतं.

"जाते, काका."

"चित्र स्वच्छ येतं?"

"तुम्ही मेलेले आहात, काका. थोडे मुंग्यामुंग्यांचे दिसलात तरी चालेल."

गुरुवारी संध्याकाळी फिल्म लागली. जनार्दनराव आणि नलिनीकाकू हिंचक्यावर बसून हिंचक्यावरचे जनार्दनराव बघत होते. मेहुणे गार झाले, इन्स्पेक्टर आला, आणि पडद्याच्या तळाशी गुजराती अक्षरांची पट्टी सरकू लागली. आधी साड्यांचा सेल. मग अलकापुरीतला कॉम्प्युटरचा क्लास. मग, सद्गत जनार्दनभाई सुभानराव जगदाळे यांचं बेसणं, रविवारी सांजे चार ते सहा, आणि खाली इमारतीचं नाव, फ्लॅटच्या नंबरासकट.

बेसणं म्हणजे गेलेल्याच्या घरी लोकांनी पांढऱ्या कपड्यांत येऊन घटकाभर मुकाट बसायचं. रिवाज गुजराती, पण बडोद्यातल्या मराठी घरांनी तो केव्हाच उचलला. कारण तो सोयीचा. वेळ ठरलेली, चहा नाही, फार बोलायचं नाही. आणि बेसण्याला आमंत्रण लागत नाही. टीव्हीखालची पट्टी वाचली की निघायचं.

नलिनीकाकूंनी पट्टी दुसऱ्यांदा येईपर्यंत वाट पाहिली, पुन्हा नीट वाचली, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रविवारी तर आपल्याला पापड लाटायचे होते."

तन्मयला खाली बोलावलं. तो म्हणाला, फिल्मच्या शेवटी मेहुण्यांचं बेसणं जाहीर होतं ना, त्याला धरून गंमत म्हणून ही पट्टी टाकली.

"त्यात माझं नाव का?"

"मेहुण्याचं नाव ठेवायचं राहून गेलं, काका. सगळी फिल्म मेहुणे मेहुणेच म्हणतात. ऐनवेळी तुमचंच आठवलं."

"आणि पत्ता?"

"पत्त्याशिवाय बेसणं खोटं वाटतं."

पट्टी काढायला सांगितली तर केबलवाला म्हणाला, ज्या मुलाला त्या मशीनचं कळतं तो मामेभावाच्या लग्नाला गावी गेलाय. मशीन आपलं आपण गोल फिरत राहतं. बंद केलं तर साड्याही बंद होतील.

त्यामुळे जनार्दनराव फिरत राहिले. शुक्रवारी सकाळी आरतीखालून गेले. दुपारी गाण्यांखालून गेले. एका गाण्यात नायिका बर्फात धावत होती आणि तिच्या पायांखालून जनार्दनभाई सुभानराव सावकाश डावीकडे सरकत होते. ते खुर्चीत बसून बघत राहायचे. आपलं नाव उजव्या कडेने येतं, थोडा वेळ राहतं आणि डाव्या कडेने जातं, आणि आपल्याला कुठेच काही होत नाही. दर खेपेला नाव गेलं की ते नकळत श्वास सोडायचे. नलिनीकाकूंनी टीव्ही बंद केला, तर भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तीच गाणी ऐकू यायला लागली. म्हणजे नाव तिथेही जात असणार.

फोन वाजला. जनार्दनरावांनी उचलला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"मी जनार्दन."

पलीकडे कुणीतरी श्वास आत ओढला आणि फोन खाली ठेवला. त्यानंतर फोन वाजला नाही. शनिवारी ते पिठाच्या गिरणीत गेले, तर गिरणीवाल्याने त्यांचा डबा हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि चक्की सुरू केली. दाणे घातलेलेच नव्हते. रिकामी चक्की घरघरत होती. जनार्दनरावांनी डबा उचलला तेव्हा त्यांच्या हाताला लागलेलं पीठ गिरणीवाला टक लावून बघत होता. पीठ हाताला चिकटतंय का, एवढंच त्याला बघायचं असावं.

शनिवारी संध्याकाळी तन्मय म्हणाला, "काका, मी दाराबाहेर पाटी लावतो. 'जनार्दनराव जिवंत आहेत. बेसणं रद्द.' सुवाच्य अक्षरात."

नलिनीकाकू म्हणाल्या, "नाहीतर कुलूप लावून कमाटी बागेत जाऊन बसू."

जनार्दनराव दोघांनाही नको म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण काकूंना ते कळलं. अबोला असलेल्या घरी माणूस लग्नाला येत नाही, आजारपणात येत नाही, पण मरणाला येतो. तिथे अबोला मोडल्यासारखं होत नाही. ज्याच्याशी बोलायचं नाही तो उरलेलाच नसतो. दादाने पट्टी पाहिली असेल तर दादा येणार. आणि पट्टी पाहिली असेल तर पट्टीच्या वरचंही पाहिलं असणार.

"येतील असं वाटतं तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"नाही आला तर तेही कळेल," जनार्दनराव म्हणाले. मग ते बराच वेळ हिंचक्याच्या कड्यांना तेल घालत बसले.

रविवारी चारच्या ठोक्याला पहिली जोडी आली. मागच्या गल्लीतले बळवंतराव आणि त्यांची बायको मंदा. त्यांची जनार्दनरावांशी ओळख फक्त टीव्हीवरची. दोघांनी पांढरे कपडे घातले होते, चपला दाराबाहेर एकीला एक लावून काढल्या होत्या. जनार्दनराव हातात खारी घेऊन उभे होते.

बळवंतरावांनी हात जोडले. "तुम्ही भाऊ का? अगदी तसेच दिसता."

"मीच तो," जनार्दनराव म्हणाले.

बळवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरुवातीला वाटतं असं. आमचे वडील गेले तेव्हा मलाही महिनाभर वाटायचं, मीच गेलोय." आणि ते आत जाऊन चटईवर बसले.

"अहो, मी खरंच..."

"रडून घ्या," मंदा हळूच म्हणाली. "दाबून ठेवू नका."

मागोमाग आणखी माणसं आली. चटई भरली तशी काकू आत गेल्या आणि पांढरी साडी नेसून आल्या.

"तू कशाला नेसलीस?" जनार्दनरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"एवढी माणसं पांढऱ्यात बसलीत आणि मी आपली मोरपिशी. बरं दिसतं का? आणि ती खारी ठेवा खाली. लोक काय म्हणतील."

फोटो नव्हता, म्हणून कुणीतरी आणलेली फुलं टीव्हीपुढे ठेवली. तेवढ्यात कुणीतरी टीव्ही लावला. रविवारी लोकाग्रहास्तव फिल्म पुन्हा दाखवत होते. बेसण्याचा मान म्हणून आवाज बंद ठेवला. मग सगळी खोली मुकाट्याने बघू लागली. टीव्हीतल्या खोलीत हिंचक्यावर मेहुणे मान एका बाजूला टाकून बसले होते. इकडच्या खोलीत, त्याच भिंतीपुढे, तोच हिंचका रिकामा होता. दाटी झाली होती, माणसं गुडघे दुमडून एकमेकांवर रेलली होती, पण हिंचक्यावर कुणी बसेना. उलट त्याच्याभोवती वावभर जागा सोडलेली. जनार्दनराव स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्यांनाच बघत होते.

मग कुजबुज सुरू झाली. बेसण्यात गेलेल्याविषयी चांगलं बोलायचं असतं, आणि या गेलेल्याविषयी लोकांना फिल्मपलीकडे काही माहीत नव्हतं.

"खुनी मी बारशातच ओळखला होता," बळवंतराव म्हणाले. "ज्याने पेढा घेतला नाही, तो."

"पण खून झालाच नाही ना शेवटी. कावीळ निघाली," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच म्हणतो, लिहिणाऱ्याने फसवलं. आपण एवढा वेळ पेढा धरून बसलो."

"इन्स्पेक्टरची मिशी स्वयंपाकघरात एक आहे नि बाहेर एक," मंदा म्हणाली. "आणि ती बाळाची आई किती हसते. घरात मयत आणि ही दात काढतेय."

"विनोदी आहे ते."

"असू दे. मयताला कुणी सांगितलं होतं विनोदी आहे म्हणून? ते बघा कसे बसलेत. मनापासून."

शेजारच्या इंदुबेन पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मने मराठी बहु समजातुं नथी. पण मरेला भाईनुं काम सौथी सारुं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या भाईंचं काम सगळ्यात चांगलं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. एक म्हणाला, जिवंतपणी असं बसता येतच नाही. दुसरा म्हणाला, शूटिंगच्या वेळीच त्यांना आतून कळलं असणार, चेहऱ्यावर दिसतंय बघा. तिसऱ्याने हात जोडले. जनार्दनरावांना आयुष्यात पहिल्यांदा एवढी तारीफ मिळत होती आणि ती ऐकताना त्यांचे तळपाय गार पडत चालले होते. ते आत जाऊन पाणी प्यायले. घोटाचा आवाज सगळ्या खोलीत गेला. मंदाने वळून पाहिलं. तिची नजर त्यांच्यावरून गेली, मागच्या भिंतीवर थोडी थांबली, आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

तेवढ्यात दाराशी दादा आले.

पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात टोपी. तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. त्यांनी आधी टीव्ही पाहिला. मग काकूंच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मग त्यांची नजर सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथे जनार्दनराव पाण्याचा पेला धरून उभे होते.

दादांचं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं. ज आला होता, एवढं जनार्दनरावांना स्पष्ट दिसलं. पण तेवढ्यात दादांना अबोला आठवला असावा. बोलावं तर अबोला आपण आधी मोडल्यासारखं होतं. उलट पावली जावं तर आपण आलो होतो हे सगळ्यांनी पाहिलेलं. दादांनी तोंड मिटलं आणि ते चटईवर जाऊन टोपी मांडीवर घेऊन बसले. बेसण्याला आलेला माणूस बसतो, तसे.

जनार्दनरावांनाही बोलता आलं असतं. पण पहिला शब्द दादाने टाकायचा, हे त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आता मेल्यावर ते कशाला सोडायचं?

दादांना ओळखणारे तिथे होतेच. वकिलाचं काम मिळालेले जयवंतराव पुढे सरकले आणि कानाशी म्हणाले, "दत्तोपंत, तुमचं मत काय? काम कसं केलंय जनार्दनने?"

कुजबुज थांबली. परीक्षकाचं मत सगळ्यांनाच हवं होतं. जनार्दनरावांनी पेला घट्ट धरला. टीव्हीत मेहुण्यांच्या मांडीवरून कुणीतरी बशी उचलली.

"बेसण्यात असलं बोलत नाहीत," दादा म्हणाले.

फिल्म संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. सहा वाजता सगळे उठले. निघताना घरच्या माणसांपुढे एकेकाने हात जोडून जायचं असतं, म्हणून दाराशी काकू उभ्या होत्या, मुलगा नाही म्हणून मुलाच्या जागी तन्मय, आणि शेवटी जनार्दनराव. दादांनी काकूंपुढे हात जोडले. तन्मयपुढे जोडले. जनार्दनरावांपुढेही जोडले. डोळे मात्र कानाच्या बाजूने पलीकडे कुठेतरी. मग त्यांनी वाकून चपला घातल्या, डावीत उजवा पाय, आणि तशाच घालून ते निघून गेले.

मशीनवाला मुलगा लग्नाहून परत आला आणि पट्टी गेली. केबलवाल्याने वर आणखी एक पट्टी फुकट टाकली की जनार्दनभाई मजेत आहेत. ती कुणी वाचली नाही. मजेत असलेल्या माणसाची पट्टी कोण वाचतो?

मग एका दुपारी समाहून प्रेमलावहिनींचा फोन आला. त्या दादांच्या बायको. अबोला भावाभावांत होता, वहिनींचा सणावाराचा फोन चालू होता.

"भावजी, हे सुतक पाळतायत."

"कुणाचं?"

"तुमचं."

जनार्दनराव हिंचक्यावर बसले. "वहिनी, मी आहे."

"मी सांगितलं. म्हणतात, माहीत आहे. पण बेसण्याला जाऊन बसलो, हात जोडून आलो, आता मध्येच सोडता येत नाही. देवपूजा बंद, दाढी बंद, गादी सोडून जमिनीवर निजतात. गुरुजींना बोलावलं तर ते म्हणाले, जिवंत माणसाचं आमच्याकडे होत नाही. तर हे म्हणतात, मी माझं करतो. आणि रडतात हो. एरवी टोचून बोलणारा माणूस, जेवता जेवता रडतो. तुम्ही गेलात म्हणून रडतात की तुम्ही आहात म्हणून, ते मला कळत नाही."

जनार्दनरावांच्या पायांनी हिंचका आपोआप हलवला होता. कड्या कुरकुरल्या नाहीत. एवढं तेल त्यांनीच घातलं होतं.

"तेरावं घालणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही याच. तुमचंच आहे."

काकूंनी इस्त्रीचा सदरा काढून दिला. आपल्याच तेराव्याला कोणत्या रंगाचा सदरा घालावा यावर दोघांचा थोडा खल झाला आणि शेवटी फिकट निळा ठरला. रिक्षात बसल्यावर जनार्दनरावांच्या मनात आलं की वाटेत अपघात झाला तर किती सोयीचं होईल, सगळं तयारच आहे. त्यांनी रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं.

दादांच्या घरी गच्चीवर ऊन रणरणत होतं. कठड्यापाशी केळीच्या पानावर वाढून ठेवलं होतं. भात, वरण, पुरी, भाजी, वड्या. कावळ्याने पानाला शिवल्याशिवाय खाली कुणी जेवायचं नाही. दादा पानासमोर उभे होते. दाढी वाढलेली, धोतर चुरगळलेलं. वहिनींनी जनार्दनरावांना बोटानेच पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. दादांची पाठ होती. पायांचा आवाज त्यांनी ऐकला, कारण मान थोडी ताठ झाली. पण ते वळले नाहीत.

कावळा आला. टीव्हीच्या जुन्या अँटेनावर बसला, पानाकडे पाहिलं, चोच पुसली आणि बसून राहिला.

"इच्छा राहिली असेल काहीतरी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "विचारा त्यांना."

कावळा शिवला नाही की असंच करायचं असतं. घरच्याने विचारायचं, बाबा रे, तुझं काय राहिलं. मग एकेक नाव घेऊन बघायचं आणि वचन द्यायचं. दादांनी हात जोडले. पानाकडे बघत, खूप वर्षांनी, त्यांनी ते नाव तोंडातून काढलं.

"जना. काय राहिलं तुझं?"

टाकीच्या सावलीतून जनार्दनरावांनी विचारलं, "माझं काम कसं झालं, दादा?"

दादांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पानालाच उत्तर दिलं. "ठीक होतं."

कावळा हलला नाही.

"बरं होतं," दादा म्हणाले. "बैठक चांगली होती."

कावळ्याने पाठ फिरवली.

"अहो, मनातलं सांगा," वहिनी म्हणाल्या. "त्याला कळतं."

खालच्या घरातून कुकरची शिटी ऐकू आली. मग दादा पानाशी बोलायला लागले, हळू, तालमीनंतर सगळे गेल्यावर एखाद्याच नटाशी बोलावं तसे.

"मला पट्टी आधी दिसली. वर नजर नंतर गेली. वर तू बसला होतास, मेलेला. मी म्हटलं, सोंग आधी केलं आणि खरं नंतर झालं. मला काही सुचेना. फिल्ममध्ये काय चाललंय ते मी बघितलंच नाही. फक्त तुझ्याकडे बघत होतो. आणि तो पाहुणा बशी उचलायला वाकला ना, तेव्हा तुझी छाती हलली. एकदा. इतकीशी. दुसऱ्या कुणाच्या नाटकात असं झालं असतं तर मी खाकरलो असतो. मी टीव्हीजवळ गेलो. म्हटलं, हलू दे. अजून एकदा हलू दे. मग तू नाही हललास. शेवटपर्यंत नाही हललास. फार वाईट काम केलंस, जना. इतकं चांगलं कुणी मरत नाही."

कावळा काही खाली आला नाही. त्याला दुसरीकडे कुठे तरी जायचं असावं. तो उडून गेला.

पान तसंच राहिलं. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या, नवरा पानाकडे. मग जनार्दनराव टाकीच्या सावलीतून बाहेर आले, पानापुढे उकिडवे बसले, पुरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवून खाल्ला. ऊन इतकं होतं की खाली त्यांची सावली अगदी पायाखाली गोळा झाली होती. दादांनी ती सावली आधी पाहिली. मग हात पाहिला. मग तोंड हलताना पाहिलं.

"शिवला," दादा वहिनींना म्हणाले. "पानं वाढ."

खाली पंगतीत दादांनी स्वतः वाढलं. जनार्दनरावांच्या पानात वडी टाकताना ते म्हणाले, "घे. तुझ्यासाठीच केल्यात." तोंड पानाकडेच होतं. जेवणं झाल्यावर दोघं बोलले, संध्याकाळपर्यंत बोलले. जुनं नाटक, आईच्या हातचं पिठलं, जयवंतरावांनी वकिलाचं काम किती भिकार केलं होतं ते. जनार्दनरावांच्या मनात आलं, झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्याच्या भाजीबाजारात दादा समोरून आले. जनार्दनरावांनी हात वर केला. दादा त्यांच्यावरून पलीकडे बघत, वांगी चाचपत, निघून गेले. सुतक फिटलं होतं. गेलेला माणूस पोचला होता. आता तो बाजारात कसा भेटणार?

पुढल्या वर्षी त्या तिथीला प्रेमलावहिनींचा फोन आला. वर्षश्राद्ध आहे, या. गेल्यावर दादा पुन्हा पानाकडे बघून म्हणाले, "ये जना." पुन्हा संध्याकाळपर्यंत बोलले. मग वर्षभर काही नाही. असं चालत राहिलं. समाला नवीन इमारती झाल्या, केबलचा डबा झाला, तन्मय अमेरिकेला गेला. दर वर्षी एक दिवस दोघा भावांत उत्तम चाललं.

एका वर्षी त्या दिवशी जनार्दनरावांना सपाटून ताप भरला. काकूंनी कपाळावर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "नका जाऊ. एक वर्ष चुकलं तर काय होतं?"

जनार्दनराव भिंतीला धरून उठले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले. "मी नाही पोचलो," ते म्हणाले, "तर दादाला खरं वाटेल."